विश्लेषण : कटल्याला एक गळ, रोहूला दुसरा… तलावात गळ टाकताना आमिष कोणते आणि मासा कुणाचा?

शनिवार-रविवारी शहराजवळच्या तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यावर रॉड घेऊन बसणाऱ्यांची रांग आता नवी राहिलेली नाही. व्हिडीओ पाहून रीळ ऑनलाइन मागवले जाते, तयार आमिषाचे पाकीटही घरपोच येते. मात्र यातले बरेच सल्ले मुळात इंग्लंडमधल्या तलावांसाठी दिलेले असतात. आपल्या तलावातले मासे वेगळे, पाणी वेगळे आणि त्या माशांवरचा हक्कही वेगळा. त्यामुळे महागडे सामान घेऊनही दिवसभर हात हलवत परतावे लागते, आणि मासा लागलाच तर पुढचा प्रश्न अधिक अवघड असतो.

कार्प म्हणजे नेमका कोणता मासा?

इंग्लंडमध्ये कार्प म्हटले की कॉमन कार्प हा एकच मासा डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रातील तलावांत मात्र या नावाखाली किमान सहा मासे येतात. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन आपले. कॉमन कार्प, म्हणजे मत्स्यशेती करणाऱ्यांच्या बोलीत सायप्रिनस, बाहेरून आलेला. त्याचा एक वाण १९३९ मध्ये श्रीलंकेतून उटीला आणला गेला, दुसरा १९५७ मध्ये बँकॉकहून आला. गवत्या आणि चंदेरा हे दोघे १९५९ मध्ये भारतात आले.

गळ कुठे आणि कसा टाकायचा, याचे उत्तर माशाच्या तोंडातच असते. कटल्याचे डोके मोठे, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो वरच्या थरातील पाणी तोंडात घेतो आणि त्यातले सूक्ष्म प्राणी कल्ल्यांतून गाळून खातो. रोहूचे ओठ जाड, किंचित झालरीसारखे. तो मधल्या थरात फिरतो आणि दगड-काटक्यांवरचे शेवाळ, सडकी पाने ओठांनी खरवडतो. मृगळ तळाशी गाळात चरतो. सायप्रिनसही तळचाच, पण त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि तोंड नळीसारखे पुढे काढून तो चिखल उपसतो. गवत्याला नावाप्रमाणे हिरवे लागते. चंदेरा सूक्ष्म वनस्पती गाळून खातो, त्यामुळे तो आमिषाला क्वचितच येतो.

म्हणजे तळाशी शिसे टाकून कटल्याची वाट पाहणे हे दुसऱ्याच फलाटावर गाडीची वाट पाहण्यासारखे आहे. समाजमाध्यमांवर ‘तलावात मासाच नाही’ अशा तक्रारी दिसतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मासा असतो, फक्त आमिषाच्या दोन मीटर वर असतो.

परदेशी ‘हेअर रिग’ चांगले की देशी स्प्रिंग?

या विषयावर हौशी मंडळींमध्ये कायम वाद असतो. हेअर रिग ही इंग्लंडमधील लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी १९८०च्या सुमारास पुढे आणलेली रचना. त्यात आमिष गळात खोचत नाहीत. गळाच्या मागून निघालेल्या केसासारख्या बारीक दोऱ्यावर ते ओवतात आणि गळ उघडाच ठेवतात. कॉमन कार्प वस्तू तोंडात ओढून घेतो, चाचपतो आणि शंका आली की थुंकतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. थुंकताना मोकळा गळ ओठात अडकतो आणि पळू लागताच जड शिशाच्या ओझ्याने तो घट्ट रुततो. तळाशी टणक गोळी खाणाऱ्या माशासाठी ही रचना अत्यंत चपखल आहे.

आपल्याकडची स्प्रिंग दिसायला ओबडधोबड. तारेच्या स्प्रिंगभोवती पेंड, कोंडा, कणकेचा मऊ गोळा थापायचा आणि आखूड दोऱ्यांवरचे चार-सहा गळ त्यात दडवायचे. गोळा पाण्यात हळूहळू विरघळतो, भोवती पिठाचा ढग तयार होतो. कटला दाणा वेचत नाही, तो ढगच ओढतो, आणि ढगाबरोबर गळ आत जातो. नव्या मंडळींना ही पद्धत गावठी वाटते. खरे तर गाळून खाणाऱ्या माशासाठी ती हेअर रिगपेक्षा जास्त विचारपूर्वक घडलेली आहे. स्वस्तही आहे.

दोष आहे तो गळांच्या संख्येत. एक गळ ओठात असताना उरलेले मोकळे गळ झटापटीत माशाच्या डोळ्यात, कल्ल्यात किंवा पोटात रुततात. जाळी धरणाऱ्याच्या हातात रुततात ते वेगळेच. मासा घरी न्यायचा असेल तर हे एक वेळ समजू शकते, सोडायचा असेल तर नाही. दोनच गळ ठेवून, त्यांची उलटी अणी पकडीने दाबून टाकली तरी ढगाचे काम तेच राहते. मिळणारे मासे थोडे कमी होतील, इतकेच.

हेअर रिगही निर्दोष नाही. शिसे दोऱ्याला कायमचे जखडलेले असेल आणि तंगूस तुटला, तर मासा ते ओझे ओढत फिरतो, कुठल्या तरी झुडपात अडकतो आणि मरतो. शिसे ताण येताच निसटेल असेच बांधायला हवे. बाजारात अशा क्लिपा मिळतात आणि त्या रिळाच्या मानाने फारच स्वस्त असतात.

आमिषात वास महत्त्वाचा की चव?

बडीशेप, वेलची, हिंग, लसूण, व्हॅनिला… प्रत्येकाचा एक गुप्त मसाला असतो आणि तो सख्ख्या भावालाही सांगितला जात नाही. मसाल्याचे माहात्म्य जरा फुगवलेले आहे. कार्प कुळातील माशांना चव घेणाऱ्या कळ्या ओठांवर, मिशांवर आणि अंगावरही असतात. त्यांना पाण्यात विरघळणारी द्रव्ये, विशेषतः प्रथिनांपासून सुटणारी अमिनो आम्ले, चटकन कळतात. म्हणून शेंगदाण्याची पेंड चालते आणि दोन दिवस भिजवून आंबवलेला मका चालतो. नाकाला छान वाटणारे अत्तर पाण्यात तितकेच चालेल असे नाही.

रोहूसाठी कणकेची बोराएवढी गोळी, लहान गळ आणि हलका तरंगा पुरतो. तो एकदम ओढत नाही, टुकटुक करतो, त्यामुळे जड तरंग्यावर त्याचा स्पर्श कळतच नाही. मृगळाला तळाशी कणीक किंवा गांडूळ. सायप्रिनसला शिजवलेला मका, हरभरा. कडधान्य आणि धान्य भिजवून शिजवूनच वापरावे. कार्पला जठर नसते आणि कोरडा दाणा आतड्यात फुगतो.

चारा किती टाकायचा, यावर मात्र बोलायला हवे. मासे जमावेत म्हणून पाच-पाच किलो पीठ पाण्यात ओतण्याची सवय वाढली आहे. न खाल्लेले पीठ तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. सांडपाण्याने आधीच जलपर्णी माजलेल्या तलावात ही आणखी एक भर. दोन-तीन मुठी पुरतात.

तंगूस किती जाड हवा?

जितका वाटतो त्यापेक्षा बारीक. रिळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर लावला, तर दहा किलोचा तंगूस त्याहून मोठ्या माशालाही दमवू शकतो, कारण पाण्यात मासा वजनाने नव्हे तर जोराने ओढतो. तंगूस बहुतेकदा तुटतो तो गाठीत. गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतो, म्हणून ती आधी ओली करायची. उन्हात पडून राहिलेला तंगूस कमजोर होतो, दरवर्षी बदललेला बरा. आणि जुना तंगूस काठावर टाकायचा नाही. तो कुजत नाही, पाणकावळे आणि बगळे त्यात पाय अडकून मरतात.

पकडलेला मासा कुणाचा?

हा प्रश्न छंदाच्या गप्पांत सहसा निघत नाही. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्पचे प्रजनन घडवले, तेव्हापासून बीज तयार करणे शक्य झाले. त्याआधी ते नद्यांतून गोळा करावे लागे. तलावातला आठ किलोचा कटला हा बहुतेक वेळा कुणीतरी विकत आणून सोडलेली बोटुकली असते.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा तलावाचा ठेका घेतलेली मच्छीमार सहकारी संस्था. पश्चिम महाराष्ट्रात त्यात भोई समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. भंडारा-गोंदियातील माजी मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाची. त्यांच्यासाठी तो मासा म्हणजे उभे पीक. परवानगी न घेता तो नेणे हे दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडण्यासारखेच आहे, रॉड कितीही महाग असो.

‘आम्ही दोन मासे नेतो, सुरुंग लावणारे शेकडो मारतात,’ हा हौशी मंडळींचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे १८९७च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ते थांबलेले नाही. पण त्यामुळे दोन मासे फुकट होत नाहीत. उलट संस्थांनी दिवसाचा पास द्यावा, मासा न्यायचा तर वजनावर पैसे घ्यावेत. काठावर दिवसभर बसणारी माणसे सुरुंगवाल्यांवर आयती नजरही ठेवतील. मुंबईत पवई तलावावर हौशी मंडळींची संघटना माचाणांवरून शिस्तीत गळ टाकते. संस्थांच्या तलावांवर अशी व्यवस्था अशक्य नाही.

मग मासा सोडून देणेच योग्य?

प्रत्येक वेळी नाही. ‘पकडा आणि सोडा’ हा नियम पाश्चात्त्य छंदातून जसाच्या तसा उचलला गेला आहे. संस्थेच्या लहान तलावात मोठी मादी ‘पुढच्या पिढीसाठी’ सोडली, तरी तिथे ती बहुधा अंडी घालणारच नाही. पैसे मोजून तो मासा घरी नेणे, फोटोसाठी पाच मिनिटे उन्हात धरून अर्धमेला सोडण्यापेक्षा केव्हाही प्रामाणिक. तिलापिया किंवा बंदी असलेला थाई मांगूर लागला तर तो पाण्यात परत सोडूच नये. नदी येऊन मिळते अशा मोठ्या जलाशयात मात्र गोष्ट वेगळी. तिथे जून-जुलैच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. कोकण-ठाण्यात याला वलगण म्हणतात. त्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी गळ टाकणे बंदच ठेवले पाहिजे.

सोडायचाच असेल तर पाण्याचे तापमान पाहा. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. झुंजून दमलेल्या माशाला नेमका तोच लागतो. मे महिन्यात, पाणी आटलेले असताना, पहाटे तर तो आणखी कमी असतो, कारण रात्रभर शेवाळानेही श्वास घेतलेला असतो. अशा वेळी मासा पाण्याबाहेर न काढता, ओल्या हाताने, पाण्यातच गळ काढायचा. आणि एप्रिल-मे मध्ये आटलेल्या तलावावर मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंडे उघडून श्वास घेताना दिसले, तर त्या दिवशी रॉड गाडीतच राहू द्यायचा.