कुकर घरातल्या कुणालाही लावता यावा

उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांत विजेचा प्रेशर कुकर आता इतका रुळला आहे की तो घ्यावा की नाही, यावर फारशी चर्चा होत नाही. नवा संसार थाटणाऱ्यांना तो भेट मिळतो, शिकायला आलेली मुले भाड्याच्या खोलीत सामान लावण्याआधी तो आणतात. चर्चा होते ती पुढच्या पायरीची: बटणांचा साधा कुकर पुरे, की चार पैसे जास्त टाकून फोनला जोडता येणारा, वाय-फायवाला घ्यावा? माझे मत साध्याच्या बाजूने आहे, आणि त्यामागे पैशांचा हिशेब नाही. या यंत्राने आपल्या स्वयंपाकघराला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट वेळेची बचत नव्हे. कुकर लावण्याचे काम त्याने घरातल्या कुणालाही जमेल असे करून टाकले, ही ती गोष्ट. फोनवर चालणारा कुकर नेमकी तीच काढून घेतो आणि काम पुन्हा एका माणसाच्या गळ्यात टाकतो.

हे पटायचे तर आधी शिट्टीचा हिशेब पाहावा लागतो. हॉकिन्स आणि प्रेस्टीज १९५९च्या सुमारास बाजारात आले आणि पुढे शिट्टीचा कुकर भारतात घरोघरी गेला. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचाला १५ पौंडांनी वाढला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२१ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून कडधान्य लवकर शिजते. त्यापुढची वाफ बाहेर पडते ती शिट्टी. आच मोठी असेल तर मिनिटामिनिटाला शिट्टी होते, मंद असेल तर पाच मिनिटे झाली तरी होत नाही. पाणी किती घातले, कुकर किती भरला, शिट्टीत डाळीचा फेस अडकला आहे का, यावरही ती अवलंबून असते. म्हणजे शिट्ट्या मोजताना आपण वेळ मोजत नव्हतोच. हॉकिन्सबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतसुद्धा पदार्थ शिजायला लागणारा वेळ मिनिटांत दिलेला असतो. तरीही ‘डाळीला चार, छोल्यांना आठ’ हे गणित चालत राहिले, कारण कुकर तोच, शेगडी तीच, आणि ज्योत केवढी ठेवायची हे जाणणारा हातही तोच होता. हा हिशेब त्या ओट्यापुरता खरा होता. तोच आईला फोनवर विचारून इथल्या अपार्टमेंटमधल्या विजेच्या कॉइलवर लावला की फसतो. कॉइल तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलीच राहते, त्यामुळे शेवटच्या शिट्टीनंतर आणखी दोन शिट्ट्या होतात आणि भाताचा गोळा होतो. काचेच्या सपाट शेगडीवर तळ किंचित फुगलेला कुकर नीट टेकत नाही. इंडक्शनवर निव्वळ ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही.

शिट्टी मोजायला कान लागतो, आणि तो कान कुणाचा, हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतातल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही मिनिटे प्रत्यक्ष हातांनी केलेल्या कामाची आहेत. मुलाचा अभ्यास घेताना, ऑफिसच्या फोनवर बोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना मनाचा एक कोपरा कुकरकडे लावून ठेवावा लागतो, त्याची मोजदाद अशा पाहणीत होत नाही. ‘तीन झाल्या का चार?’ हा प्रश्न घरात नेहमी एकाच व्यक्तीला विचारला जातो. आपण देश बदलला तरी ही वाटणी विमानतळावर सोडून आलो नाही.

विजेच्या कुकरात हा सगळा हिशेब यंत्र सांभाळते. रोजच्या वरण-भाताचेच पाहा. स्टीलच्या भांड्यात दीड कप पाणी, त्यात तिवई, तिवईवर धुतलेल्या तुरीच्या डाळीचा डबा, डाळीत हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब, त्यावर तांदळाचा डबा. झाकण फिरवून बसवायचे, वाफेची कळ बंद करायची, ‘हाय प्रेशर’ आणि दहा मिनिटे लावायची. इथे माणसाचे काम संपले. तळाची १००० वॉटची तबकडी तापू लागते, वाफ धरली की झाकणातली छोटी पिन टक्‌कन वर येते आणि झाकण अडकते. आता ते ओढून उघडत नाही. दहा मिनिटांची उलटी मोजणी त्यानंतर सुरू होते, त्यामुळे पाणी नळाचे गार होते की कोमट, कुकर अर्धा भरला होता की पाऊण, याने शिजण्याच्या वेळात फरक पडत नाही. वेळ संपला की तबकडी स्वतः थांबते, वाफ हळूहळू जिरते, पिन खाली पडते, आणि डाळ पळीच्या पाठीने दाबली की मोडते. डब्यांवर डबे रचून एका वाफेत दोन-तीन पदार्थ शिजवण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१०मध्ये काढलेला कोळशाचा इक्मिक कुकर याच तत्त्वावर चालत असे. नवे आहे ते एवढेच की आता जवळ कुणी थांबावे लागत नाही.

ओटावाजवळ रॉबर्ट वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये इन्स्टंट पॉट हा विजेचा कुकर बाजारात आणला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आमटी-भात नव्हता. तो आपल्या स्वयंपाकाला जुळवून घेण्याचे काम आपल्याच बायकांनी केले. टेक्सासमधल्या उर्वशी पित्रे यांचे भारतीय पदार्थांचे इन्स्टंट पॉटवरचे पुस्तक २०१७मध्ये आले, न्यू जर्सीच्या अर्चना मुंढे यांचे २०१८मध्ये. अशा पुस्तकांचे महत्त्व मला पाककृतींपेक्षा मोजमापात दिसते. ‘अंदाजाने पाणी’ आणि ‘शिजेपर्यंत’ यांच्या जागी कप आणि मिनिटे आली. जे एका हाताच्या सवयीत होते ते कागदावर आले, आणि कागद वाचता येणारा कुणीही, बारा वर्षांची मुलगी असो की जन्मात चहापलीकडे काही न केलेले आजोबा, मुगाची खिचडी लावू शकतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते फुसके नाहीत. पहिला, हा कुकर जलद नाही. खरे आहे. वाफ धरायला दहा आणि जिरायला दहा-पंधरा मिनिटे धरली तर वरण-भाताला अर्धा तास सहज लागतो. शिवाय त्याचा दाब कमी, साधारण साडेदहा ते साडेअकरा पौंड, आणि तापमान ११५ ते ११८ अंश, म्हणून हरभरे-राजम्याला गॅसवरच्या कुकरपेक्षा काही मिनिटे जास्तच द्यावी लागतात. डेन्व्हरसारख्या उंचीवरच्या गावी त्यात आणखी सुमारे १५ टक्के वाढवायची. घाईत असलेल्या, कुकर चांगला ओळखणाऱ्या माणसाला गॅसच बरा, हे मी मान्य करतो. पण त्या अर्ध्या तासात माणूस मोकळा असतो, आणि माझ्या युक्तिवादाला तेवढे पुरते. दुसरा आक्षेप चवीचा. त्यातही तथ्य आहे. परतण्याच्या ‘सॉटे’ कळीवर मोहरी तडतडते, पण लोखंडी कढईत खोबरे-कांदा खमंग भाजला जातो तसा या भांड्यात भाजला जात नाही, आणि मसाला तळाला चिकटून राहिला तर कुकर ‘बर्न’ दाखवून थांबतो. म्हणून फोडणी आणि वाटण कढईतच करावे, कुकरला शिजवण्याचे काम द्यावे. वर्षानुवर्षे आपण तसेच करत आलो आहोत. कट हवा असेल तर पुरणाची चणाडाळही यात चांगली शिजते, पण पुरण आटवायचे काम कढईचेच. तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा: गॅसवरचा कुकर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलत वीस-वीस वर्षे चालतो, विजेच्या कुकरचे सर्किट गेले की तो बहुधा टाकूनच द्यावा लागतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. ही किंमत मोजावी लागते, आणि म्हणूनच त्यात बिघडू शकणाऱ्या गोष्टी वाढवू नयेत.

फोनचा प्रश्न इथेच येतो. वाय-फायवाल्या कुकरात डाळ तशीच, त्याच वाफेवर शिजते. फोन देतो ती सूचना, पाककृतींची यादी, दुरून चालू-बंद करण्याची सोय आणि काही नमुन्यांत दुरून वाफ सोडण्याची कळ. बदल्यात तो मागतो खाते, ॲप, घरचे वाय-फाय आणि कंपनीचा कुठेतरी चालणारा सर्व्हर. खाते साहजिकच ज्याने कुकर आणला त्याच्या नावाने निघते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, शाळेतून घरी आलेला मुलगा, चार दिवस राहायला आलेली बहीण, या सगळ्यांनी मग ते खाते उघडून द्या म्हणायचे, किंवा ज्याचे खाते आहे त्याने ऑफिसातून कुकर लावायचा. काही पाककृतींचे कार्यक्रम फक्त ॲपमधूनच चालवता येतात, आणि असे काम एकदा फोनवर गेले की ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून ते जाते. शिट्टी ऐकणारा एक कान होता, त्याच्या जागी सूचना येणारा एक फोन आला. घरातला बाकीचा गोतावळा पुन्हा ‘झाला का गं कुकर?’ विचारणारा.

ॲप किती वर्षे चालेल, हेही आपल्या हाती नसते. पाण्याचे तापमान नेमके राखून अन्न शिजवणारी उपकरणे बनवणाऱ्या अनोव्हाने २०२४मध्ये नव्या ग्राहकांना ॲपसाठी मासिक शुल्क लावले आणि जुन्या नमुन्यांची ॲपशी जोडणी २०२५च्या सप्टेंबरात बंद होईल असे जाहीर केले. उपकरणे धडधाकट असताना हे झाले. इन्स्टंट पॉट बनवणारी कंपनीच जून २०२३मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली आणि पुढे तो व्यवसाय दुसऱ्यांच्या ताब्यात गेला. ज्यांच्याकडे बटणांचा कुकर होता त्यांच्या खिचडीला याची झळ लागली नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून इंटरनेटला जोडलेले उपकरण विकताना सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती किमान किती काळ देणार, हे उत्पादकाने सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या मराठी मंडळींनी विकत घेण्यापूर्वी ती तारीख जरूर पाहावी. डाळ शिजवायच्या भांड्याला अशी मुदत असावी, हेच मला पटत नाही.

फोनवाल्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. एक, सकाळी भरून ठेवायचे आणि घरी निघताना ऑफिसातून चालू करायचे. त्यासाठी वाय-फाय लागत नाही, ठरावीक वेळाने सुरू होण्याची सोय साध्या कुकरातही असते. मांस किंवा दुधाचा पदार्थ असा तासन्‌तास बाहेर ठेवू नये, हा नियम दोन्हींना सारखाच. दुसरा मुद्दा मात्र खरा आणि वजनदार आहे. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना सपाट, उंचवटा नसलेल्या बटणांचा फलक निरुपयोगी असतो. फोन त्यांना प्रत्येक कळ वाचून दाखवतो. ज्यांच्या मनगटात जोर नाही त्यांना दुरून वाफ सोडता येणे ही चैन नव्हे. अशा घरात फोनला जोडता येणारा कुकर अवश्य घ्यावा, कारण तिथे फोनमुळे कुकर लावू शकणाऱ्यांत एकाची भर पडते. मी लावतो ती कसोटी हीच आहे, आणि बहुतेक घरांत त्या कसोटीला फोन उतरत नाही.

सुरक्षेबद्दल एवढेच की ॲपने कुकर सुरक्षित होत नाही, झाकणाने होतो. नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेत क्रॉक-पॉटचे नऊ लाखांवर कुकर आणि मे २०२५मध्ये निंजा फूडीच्या एका मालिकेतले अठरा लाखांवर कुकर परत मागवले गेले, दोन्ही वेळा झाकणाच्या दोषामुळे. घरात असलेल्या कुकरचा नमुना क्रमांक ग्राहक सुरक्षा आयोगाच्या यादीत तपासायला पाच मिनिटे लागतात.

घेताना पाहायचे ते हे: प्रत्येक काम फलकावरून करता येते का, अक्षरे चष्म्याशिवाय दिसतात का, आतले भांडे स्टीलचे आहे का आणि जादा रिंग मिळते का. सिलिकॉनची रिंग आमटीचा वास धरते, म्हणून खीर आणि दह्यासाठी दुसरी ठेवावी. इथला कुकर १२० व्होल्टचा असतो, तो पुण्याला आईसाठी नेऊ नये. तिथल्या २३० व्होल्टवर तो जळेल. घरी आणल्यावर आपल्या घरच्या डाळ-तांदळाची मापे आणि मिनिटे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून कुकरशेजारी चिकटवावीत, म्हणजे नव्या माणसाला कुणाला हाक मारावी लागत नाही. त्याच कागदावर एक ओळ लाल शाईने असावी: राजमा ‘स्लो कुक’वर कधीही शिजवू नये. कच्च्या राजम्यातले विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही, त्याला खळखळती उकळी किंवा पूर्ण दाबच लागतो.