‘रुग्णाच्या सोयीसाठी’

मा. दावा विभागप्रमुख,
आमची आरोग्य विमा कंपनी, यांस

आपलं 28 ऑगस्टचं पत्र मिळालं. मजकूर आधीच्या तीन पत्रांचाच आहे, फक्त या वेळी खाली सही करणाऱ्याचं नाव नाही. दावा क्रमांक पुन्हा लिहीत नाही. फोनवर 23 वेळा सांगून झाला आहे.

‘मदतनीस बाईचा खर्च रुग्णाच्या सोयीसाठी केलेला असल्याने देय नाही.’ या एका वाक्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

सोय म्हणजे काय ते सांगतो. 3 मार्चला पुण्यात सौ.च्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, डाव्या बाजूला. साधी निघाली, देवाची कृपा. 13 तारखेला तिला कराडला घरी आणलं तेव्हा डोक्यात पिना होत्या, उजवा हात उचलत नव्हता आणि शब्द सापडत नव्हते. घरी सोडताना रुग्णालयाने जो कागद दिला, त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात आहे : ‘फिट येण्याची शक्यता. सहा आठवडे रुग्णास एकटे सोडू नये.’ हा कागद आपण तीनदा मागवलात, तीनदा पाठवला. एकदा तरी वाचायचा होता.

आम्ही न्हाणीघराची कडी काढून टाकली. आत कुणी गेलं की बाहेर कुणीतरी उभं. फिटची गोळी सकाळी आठ, रात्री आठ, पाच मिनिटं इकडेतिकडे नाही. स्टिरॉइड एकदम बंद करता येत नाही, थोडं थोडं कमी करत आणावं लागतं. त्याने साखर वाढते म्हणून बोटाला सुई. हे सगळं सुनेने कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाच्या चौकोनात लिहून ठेवलं होतं. तिने दोन महिने बिनपगारी रजा घेतली. मुलगा रात्री पलंगाशेजारी चटई टाकून झोपायचा. झोपायचा म्हणजे पडायचा. मेहुणी चिपळूणहून पंधरा दिवसांसाठी आली आणि वटपौर्णिमा करून गेली. यातल्या कुणाचंही बिल आपल्याकडे लावलेलं नाही, घाबरू नका.

बिल लावलं ते असं. दिवसपाळीच्या मावशी, 45 दिवस, रोज 800 प्रमाणे 36,000 रुपये. फिजिओथेरपी, 32 भेटी, 500 प्रमाणे 16,000. वाचा-उपचार, 16 बैठका, 700 प्रमाणे 11,200. वर-खाली होणारा पलंग भाड्याने, दोन महिन्यांचे 6,000. औषधं आणि तपासण्या 14,640. एकूण 83,840. सगळं पॉलिसीतल्या ‘रुग्णालयानंतरच्या 60 दिवसां’च्या आत. आपण मंजूर केलेत 13,420. साखर तपासायच्या पट्ट्यांचे 1,220 रुपयेसुद्धा कापलेत, म्हणजे हिशोब बारकाईने झाला याची खात्री पटली.

फिजिओथेरपी का नाही? तर ती घरी झाली, बाह्यरुग्ण विभागाचा कागद नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. अर्ध्या अंगाने अधू बाईला रोज दोन जिने उतरवून, रिक्षात घालून नेलं असतं तर कागद मिळाला असता. मावशींच्या पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, अशीही हरकत आहे. मावशींकडे गुडघेदुखी आहे, जीएसटी नाही.

आणि वाचा-उपचार? तो म्हणे ‘शैक्षणिक स्वरूपाचा’ आहे.

सौ.ने 27 वर्षं बालवाडी चालवली. उपचार करणाऱ्या ताईंनी चित्रांचे तक्ते आणायला सांगितले, तेव्हा विकत आणावे लागले नाहीत. तिच्याच ट्रंकेत होते. तांब्या, पळी, छत्री, बैलगाडी. पोरांपुढे धरलेले तक्ते आता सून तिच्यापुढे धरायची. पळी दाखवली की ती ओठ हलवायची, हाताने आमटी वाढून दाखवायची, आणि शब्द नाही. मग डोळ्यांत पाणी. मला पहिले तीन आठवडे ती तिच्या भावाच्या नावाने हाक मारत होती. मी ओ देत होतो. तर हो, साहेब, शिक्षण चाललंच होतं. वाचाघात झालेल्या माणसाची वाचा परत आणायची दुसरी रीत आपल्या वैद्यकीय पॅनेलला माहीत असेल तर कळवावी.

आता एक सरळ हिशोब. पॉलिसीप्रमाणे खोलीभाड्याची मर्यादा रोज 5,000. आमच्या विमा रकमेतले 1,38,520 रुपये शिल्लक होते. डॉक्टरांनी तिला आणखी पंधरा दिवस ठेवून घेतलं असतं, तर नुसत्या खोलीचेच 75,000 झाले असते. आपण नाकारलेत 70,420. म्हणजे दोन महिने आम्ही घराचं रुग्णालय केलं, ते आपल्याला पंधरा दिवसांच्या खोलीपेक्षा स्वस्त पडलं असतं. मग सोय कुणाची झाली? घरच्यांनी केलं म्हणून ते फुकट, आणि घरच्यांना पुरेना म्हणून बाई ठेवली तर ती चैन, असा हा न्याय आहे. आपल्या जाहिरातीत मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळं कुटुंब हसत असतं. त्या कुटुंबातलं कोण रात्री जागतं, हे जाहिरातीत नाही.

चौदा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही. 22 सप्टेंबरपासून हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी सरकारने काढला, ती आनंदवार्ता आपण त्याच दिवशी फोनवर धाडलीत. नूतनीकरणाची आठवण रोज येते. तिला कुठलाही मूळ कागद लागत नाही, शंका निघत नाही, ‘प्रकरण तपासाधीन’ होत नाही.

मागणी दोनच. 70,420 रुपये व्याजासह पंधरा दिवसांत द्यावेत. आणि ‘सोयीसाठी’ हा शब्द लेखी मागे घ्यावा. पैशांइतकाच तोही झोंबला आहे. नाहीतर पुण्याला विमा लोकपालांकडे अर्ज तयार आहे. त्यांच्याकडे 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि त्यांचा निवाडा आपल्यावर बंधनकारक असतो. जिने मी उतरू शकतो.

आपला,
एक पॉलिसीधारक, कराड

ता. क. : वरची बेरीज सौ.ने तपासली आहे. दोन दिवस लागले.