पेटी लावायला शिकताना आधी कान जपा

नंदुरबार जिल्ह्यात पियानो शोधूनही क्वचितच सापडेल. पेटी मात्र गावोगावच्या भजनी मंडळांकडे आहे. पियानोच्या ८८ पट्ट्यांमागे सुमारे २३० तारा असतात. साडेतीन सप्तकांच्या, दुहेरी सुरांच्या पेटीत ८४ पितळी सूर असतात. ट्यूनिंग शिकणाऱ्यापुढचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच : भिस्त कानावर ठेवावी की यंत्रावर? मोबाइलवर फुकट ट्यूनर मिळू लागल्यापासून बरेच जण यंत्रापासूनच सुरुवात करतात. ही सुरुवात उलटी आहे.

दोन सूर जवळजवळ जुळले, पण पूर्ण जुळले नाहीत, तर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. एक सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४२ चा असेल, तर ही लाट सेकंदाला दोनदा ऐकू येते. तिला विस्पंद म्हणतात. सूर जुळत जातात तशी लाट मंदावते आणि शेवटी थांबते. कानाला हे टिपण्याचे शास्त्रीय कारण हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. पेशाने ते मूळचे डॉक्टर.

ट्यूनिंग शिकणे म्हणजे या लाटा मोजायला शिकणे. पांढरी एक आणि पांढरी पाच एकत्र धरली, तर मधल्या सप्तकात सेकंदाला जेमतेम एक विस्पंद यायला हवा. पांढरी एक आणि पांढरी तीन धरली, तर दहाच्या आसपास. पेटी समान अंतराच्या बारा सुरांत लावलेली असते, म्हणून हा थोडा बेसूरपणा तिच्यात मुद्दाम ठेवलेला असतो. ट्यूनर एका वेळी एकच सूर मोजतो. दोन सूर एकत्र कसे वाजतात, हे कानच सांगतो.

मग यंत्र घ्यायचे कशासाठी? पडताळणीसाठी, आणि त्यासाठी ते उत्तम आहे. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फरक एका सेंटपर्यंत दिसतो का; शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर असते. दुसरी, पांढऱ्या सहाची ४४० ही मूळ कंपने बदलता येतात का. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरत्या लावलेल्या असतात. तिसरी, गोंगाटात वाद्याला चिकटवता येणारा मायक्रोफोन जोडता येतो का. भात्याचा दाब बदलला की सूरही किंचित हलतो, म्हणून मोजताना दाब एकसारखा हवा. पितळी सूर टोकाशी घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो. घासून गेलेले पितळ परत येत नाही. काट्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

कानाचेही तसेच आहे. प्रत्येक कानात जन्मतः १५-१६ हजार संवेदी केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामगारांसाठी मानलेली एक मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. लग्नाच्या वरातीत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर आवाज सहज याहून वर जातो. इजा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलणे ऐकू येत राहते, त्यामुळे माणसाला कळतही नाही. सुराची चमक मात्र आधी हरवते.

रात्री डीजेसमोर नाचून सकाळी पेटी लावायला बसू नये. कान दडे बसल्यासारखे वाटणे किंवा आत शिटी वाजणे ही थकलेल्या कानाची खूण आहे. एक-दोन दिवस विश्रांती द्यावी. शिटी थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. कधी आजारी कानाला तोच सूर वेगळा ऐकू येतो. ट्यूनिंग फोर्क आळीपाळीने दोन्ही कानांशी धरावा. सुरात ठळक फरक वाटला, किंवा कान आणि यंत्र यांचे सतत पटेनासे झाले, तर यंत्र बदलण्याआधी कान तपासावा. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने घ्यावी लागली, तर आपले काम कानाचे आहे, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मनाने औषध बंद करू नये. कानात तेल, काडी, पिन घालू नये.

ट्यूनर घेण्यासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी आणि संगीत वर्गांनी आणखी एक गोष्ट करावी : शिकणाऱ्याला जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात नेऊन श्रवणचाचणी करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावा. दरवर्षीची चाचणी त्याच्याशी ताडून पाहिली, की घट वेळीच कळते. ज्या मंडळाच्या भजनाला सुरेल पेटी हवी, त्याच मंडळाने मिरवणुकीत आवाजाच्या भिंती उभ्या करणे हा उघड विरोधाभास आहे. बिघडलेल्या यंत्राच्या जागी दुसरे घेता येते. पेटी लावणाऱ्याचा कान मात्र एकदा गेला की गेला.