रात्रीचे आकाश आणि चित्राखालची ओळ

हरिश्चंद्रगडावर टिपलेले आकाशगंगेचे छायाचित्र पाहून एका प्राध्यापक मित्राने विचारले, "एवढे रंग तुला डोळ्यांनी दिसले होते का?" दिसले नव्हते. "म्हणजे चित्र खोटे," असा निष्कर्ष त्याने लगेच काढला. मला तो मान्य नाही.

नळीच्या वाटेने गड चढायचा म्हणजे उभ्या घळीतून, सुट्या धोंड्यांवरून हातापायांनी वर सरकायचे. पाठीवर पाणी, शिधा, कॅमेरा आणि ट्रायपॉड. सुमारे चौदाशे मीटर उंचीच्या माथ्यावर पोचल्यावरही पहाटेची वाट पाहावी लागते, कारण मार्चमध्ये आकाशगंगेचा गाभा पहाटेच आग्नेयेला वर येतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि तरीही इतक्या मंद प्रकाशात त्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत. दिसतो तो करडा धूसर पट्टा. कॅमेऱ्याचे शटर वीसेक सेकंद उघडे राहते आणि तेवढ्या वेळाचा प्रकाश एका चौकटीत साठतो. रंग आकाशात असतातच, तोकडी असते ती आपली दृष्टी. दहा वर्षे एका प्रकरणात आणणाऱ्या कादंबरीकाराला आपण खोटारडा म्हणत नाही. मग छायाचित्रकारालाच का म्हणावे?

माझी हरकत वेगळी आहे. संध्याकाळी टिपलेल्या कड्यावर भलत्याच ठिकाणचे आकाश जोडायचे आणि खाली 'कोकणकड्यावरची रात्र' असे लिहायचे, हा प्रकार आता रूढ झाला आहे. आकाशालाही पत्ता असतो. ध्रुवतारा क्षितिजापासून त्या स्थळाच्या अक्षांशाइतकाच उंच दिसतो. हरिश्चंद्रगडावर सुमारे १९ अंश. ताऱ्यांच्या वर्तुळांचे केंद्र ५० अंशांवर असेल, तर ते आकाश सह्याद्रीचे नव्हे.

याहून गंभीर आहे ते पुसणे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे आणि त्या क्षितिजावर शहरांच्या दिव्यांचा पिवळा उजेड पसरलेला असतो. चित्र 'स्वच्छ' करण्यासाठी तो काढून टाकला जातो. परिणामी पाहणाऱ्याची समजूत होते की, अंधार अजून शाबूत आहे. जे शाबूत आहे त्याची काळजी कोण करील? २०२४ साली पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' अशी मान्यता मिळाली. अंधारही राखावा लागतो, याची ती कबुली होती.

तेव्हा जोडावे, उजळावे, पुसावेही. पण तसे चित्राखाली लिहावे. अनुवादावर आपण 'स्वैर' असे नोंदवतो, तेवढीच ही अपेक्षा आहे.

मित्राला मी त्याच रात्रीचे दुसरे चित्र पाठवले. पश्चिमेकडचे; तारे थोडे, पिवळेपणा फार. "हे काही सुंदर नाही," असे त्याने कळवले. खरे आहे. पण यातला पिवळा रंग मला डोळ्यांनीही दिसला होता.