शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

आरोग्य केंद्रातील रांग दारापर्यंत आलेली असते. औषधाच्या खिडकीपाशी कोणी तरी आवाज चढवितो आणि परिचारिका तुटक उत्तर देऊन पुन्हा नोंदवहीत मान घालते. आपण घरी येऊन म्हणतो, "तेथील माणसे फार तुसडी!" परंतु त्या बाईने सकाळपासून किती जणांची गाऱ्हाणी ऐकली, दोन घास तरी वेळेवर खाल्ले की नाही, हा विचार आपल्या मनास क्वचितच शिवतो.

आज तोच विचार जे. पी. नगरच्या निमित्ताने करू. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही दक्षिण बंगळुरूतील वसाहत. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि आपली मराठीही येथे कानी पडते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने सुमारे ५०,००० लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण ठरविले. मोजके डॉक्टर व परिचारिका, एक औषधनिर्माता, एक प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताई, एवढ्यांच्या खांद्यावर हा भार असतो. ते खांदे वाकले, तर बाळाची लस चुकते आणि क्षयरोग्याचे औषध मध्येच तुटते.

ह्या थकव्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम एका लोकदवाखान्यातच झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्क येथील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर लेख लिहिला. अत्यंत तळमळीने सेवा करणारी माणसेच काही काळाने चिडचिडी, उदास व कोरडी होतात, असे त्यांना दिसून आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ह्या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटकपणा आणि कार्यक्षमतेची घट. हा रोग नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचा तो परिणाम होय, असेही तिने स्पष्ट केले. म्हणजेच "योगासने करा, हसतमुख राहा" एवढा उपदेश पुरेसा नाही. कारण कामाच्या जागी आहे. उपायही तेथेच शोधला पाहिजे.

तो उपाय फार खर्चाचा असतो असे मात्र नाही. कामाच्या पाळ्या आधी कळाव्यात, बसून जेवण्यास एक खोली असावी, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असावे, रजा मागताना अपराधी वाटू नये. काही गोष्टी तर नियमानेच बांधलेल्या आहेत. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधी २०१६ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वात यांच्या लसी देणे आणि वर्षातून किमान एकदा त्यांची तपासणी करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

तथापि ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट एकच : आपले दुखणे निर्भयपणे सांगता येणे. समजा, रुग्णाला टोचलेली सुई एखाद्या परिचारिकेच्या बोटात शिरली. एच. आय. व्ही.चा धोका असल्यास प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. वरिष्ठ रागावतील ह्या भीतीने ती गप्प राहिली, तर तेच मोलाचे तास हातचे जातात. जेथे सांगण्याची सोय नाही, तेथे औषध कपाटात असूनही उपयोगाचे नाही.

ऐकून घेण्याची ही रीत मराठी मुलुखाला अपरिचित नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. त्यांनी तयार केलेल्या ग्रामीण आरोग्यसेविकांपैकी कित्येक जणी निरक्षर होत्या. त्या नियमाने जामखेडला एकत्र येत, नवे शिकत आणि आपापल्या गावच्या अडचणी एकमेकींपुढे मांडीत. त्या बैठकीतून ज्ञान मिळे, तसाच धीरही मिळे. जे. पी. नगरच्या केंद्रातही आठवड्यातून अर्धा तास असा राखून ठेवता येईल. डॉक्टरांपासून सफाई कामगारापर्यंत सर्वांनी बसावे, एकेकाने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि निदान एक अडचण पुढील बैठकीपूर्वी दूर करावी.

मन फारच खचले, तर बंगळुरूच्याच निमहान्स संस्थेचा महत्त्वाचा वाटा असलेली टेलि-मानस ही सेवा आहे. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य बोलता येते. ती जशी रुग्णांसाठी, तशीच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही आहे.

आणि आपण, वाचकहो? आपल्या घरातील कोणी अशा सेवेत असेल, तर ती घरी परतताच "आज काय स्वयंपाक?" असे विचारण्याऐवजी "आज दिवस कसा गेला?" असे विचारावे, आणि चहाचे आधण आपणच ठेवावे. रांगेत उभे असताना खिडकीपलीकडच्या बाईला "अक्का" म्हणून हाक मारावी. हा शब्द कन्नड भाषेत आहे आणि मराठीतही आहे. तो उच्चारताना आवाज चढविणे जड जाते.