केसपेपरवरचं नाव

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा १२ मेच्या परिचारिका दिनाची तयारी सुरू झाली असेल. दिवे लावून शपथ, केक, आणि पाहुण्यांच्या भाषणात ‘देवदूत’ हा शब्द निदान तीनदा. देवदूतांना रजा लागत नाही, त्यांची कंबर धरत नाही, आणि नाईटला एकट्याकडे तीन व्हेंटिलेटर दिले तरी ते बोलत नाहीत. म्हणून हा शब्द मला कधी आवडला नाही. यंदा करुणेवरच लिहायचं ठरवलंय, पण देवदूतांना बाजूला ठेवून.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मेडिकल आयसीयूत परिसेविका होते. सात नंबरला पासष्टीच्या एक बाई होत्या. सेप्सिस, व्हेंटिलेटरवर. सिडेशन बंद करून दोन दिवस झाले तरी जाग येत नव्हती. दर ड्यूटीला आम्ही जीसीएस काढायचो. “सुलोचनाबाई, डोळे उघडा,” अशी हाक मारायची, काही झालं नाही की नखावर पेन दाबायचं. पापणी हलायची. चार्टवर लिहायचं : डोळे, वेदनेला, २. मॉर्निंगने दाबलं, इव्हिनिंगने दाबलं, नाईटने दाबलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख निळं पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळेत त्यांची धाकटी बहीण गावाहून आली. गाऊन पुढचा मागे घातलेला, हातात एसटीचं तिकीट तसंच. पलंगाचा कठडा धरून ती म्हणाली, “चंपे, अगं चंपे, मी आलेय.” बाईंनी डोळे उघडले.

सुलोचना हे लग्नातलं नाव. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं, तिथून रेशनकार्डावर गेलेलं आणि तिथून आमच्या केसपेपरवर आलेलं. नवऱ्याने त्यांना आयुष्यात नावाने हाक मारली नव्हती. सासरी त्या काकी होत्या, मुलांची आई होत्या. त्या नावाने त्यांना बोलावणारे दोघंच, बँकेतला कारकून आणि आम्ही.

आमच्या एका रेसिडेंट डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की औषधाचा अंमल त्याच सुमाराला उतरला असेल, योगायोग आहे. असेलही. एका पेशंटवरून मी शास्त्र मांडत नाही. पण निळं नख योगायोगाने झालं नव्हतं. नीट हाक मारण्याआधी आम्ही दोन दिवस दुखवत होतो, आणि चार्ट अगदी व्यवस्थित भरलेला होता.

जीसीएस आपण इतक्या वेळा काढतो की त्यातला क्रम विसरतो. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी हे मोजमाप मांडलं, त्यात आवाज आधी आहे आणि वेदना नंतर. सिडेशन मोजण्याचा रास स्केल घ्या. आधी नुसतं बघा, आणि पेशंट आपणहून जागा नसेल तर नावाने हाक मारून डोळे उघडायला सांगा. स्पर्शाची पायरी त्याच्याही नंतरची. म्हणजे नाव माहीत असणं हा मोजमापाचाच भाग आहे, आणि ते नाव पेशंटच्या कानाला ओळखीचं हवं. ज्या बाईला घरात कुणी कधी सुलोचना म्हटलं नाही, तिच्यापुढे आपण चुकीच्या भाषेतला प्रश्न ठेवला आणि उत्तर आलं नाही म्हणून गुण कापले. करुणा म्हणजे स्वभावातला गोडवा, असं धरून चाललं की हा घोटाळा दिसत नाही. माझ्या त्या तिन्ही ड्यूट्यांतल्या मुली गोड बोलणाऱ्याच होत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की करुणा ओव्हरमध्ये यायला हवी. आपण ओव्हर देतो तेव्हा काय सांगतो? नॉरअॅड किती एमएलवर, पीप किती, ट्यूब कितव्या दिवसाची, आउटपुट किती, कुठला रिपोर्ट यायचाय. सगळं हवंच. पण घरी यांना काय म्हणतात, कुठली बोली कळते, कुठल्या कानाने ऐकू येतं, चष्मा आहे का, हे एका नर्सला कळलेलं तिच्या ड्यूटीबरोबरच घरी जातं. चष्म्याचं तर विचारूच नका. दाखल करताना सामानाच्या यादीत आपण ‘चष्मा १’ असं लिहून सही घेतो, पिशवीत घालून कपाटात ठेवतो, आणि मग चार दिवस नोंदवत राहतो की पेशंट गोंधळलेला आहे, नजर स्थिर नाही, हात बांधले आहेत. डिलिरिअमवरच्या प्रत्येक व्याख्यानात चष्मा, श्रवणयंत्र, भिंतीवर दिसेल असं घड्याळ, रात्री मंद दिवा हे येतंच. व्याख्यानाचं सर्टिफिकेट फाइलला लागतं, चष्मा कपाटात राहतो.

याच महिन्यात आणखी एक तारीख येते. १८ मे २०१५ ला केईएममध्ये अरुणा शानबाग गेल्या. १९७३ च्या नोव्हेंबरात त्याच रुग्णालयात नोकरीला असलेल्या या स्टाफ नर्सवर तिथेच हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या वॉर्ड नंबर चारमध्ये होत्या. तो आयसीयू नव्हता, आणि शेवटचे काही दिवस सोडले तर व्हेंटिलेटरही नव्हता. इतक्या वर्षांत एक बेडसोअर झाला नाही, हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो. मला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. त्यांना मासे आवडतात, हे त्या वॉर्डातल्या परिचारिकांना माहीत होतं. अरुणाताई स्वतः सांगू शकत नव्हत्या. शेवटी शेवटी त्यांना भरवणाऱ्या कितीतरी मुलींचा १९७३ मध्ये जन्मही झाला नव्हता. त्यांना हे कुणी सांगितलं? आधीच्या सिस्टरने. तिला तिच्या आधीच्या सिस्टरने. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला, त्यामागे ही जवळजवळ चार दशकं न तुटलेली ओव्हरची साखळी होती. नुसत्या माये‍च्या जोरावर एवढं टिकत नाही. माया बदलीबरोबर जाते.

आता तुमचा प्रश्न ऐकू येतोय : मॅडम, वेळ कुठाय? रास्त आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक नर्स हे प्रमाण आपण सगळे परीक्षेत लिहून आलोय, आणि नाईटला प्रत्यक्षात काय असतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. काही गोष्टींना खरोखरच जादा वेळ लागत नाही. “आता कुशीवर वळवतेय, पाठीला गार लागेल,” हे वळवता वळवता बोलता येतं. ट्यूबमध्ये कॅथेटर घालण्याआधी “खोकला येईल, पंधरा सेकंदांत काढते,” हेही. सक्शन आणि कूस बदलणं या आपल्याला रोजच्या वाटणाऱ्या गोष्टी आयसीयूतल्या पेशंटला फार दुखतात. त्याला बोलता येत नसेल तर कपाळावरची आठी, आवळलेली मूठ, व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट बघूनच वेदना मोजावी लागते. सीपीओटीमध्ये आपण दुसरं काय करतो?

पण सगळंच फुकट होतं, असं मी म्हणणार नाही. ते म्हटलं की प्रशासन लगेच टाळ्या वाजवतं. माउथ केअर नीट करायला वेळ लागतो. सुकून टाळूला चिकटलेला थर ओल्या गॉझने भिजवायचा, तो सुटेपर्यंत थांबायचं, मऊ ब्रशने दात घासायचे, टेप काढून ट्यूब दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायची, ओठाला व्हॅसलीन. दोन हात ट्यूब धरायला, दोन कामाला. घाईत हेच काम कापसाच्या बोळ्याने अर्ध्या मिनिटात उरकतं आणि चार्टवर दोन्हींची नोंद सारखीच होते. नातेवाइकांचंही तसंच. उपचार थांबवण्याचं ठरल्यावर कुणाला गंगाजळ आणि तुळशीचं पान द्यायचं असतं, कुणाला कानात कलमा सांगायचा असतो. घशात पाणी जाणार नाही अशा बेताने गॉझ भिजवून ओठ ओले करू देणं, पडदा ओढणं, मॉनिटरचा आवाज बंद करणं, आणि मुलाचा हात आईच्या हातापर्यंत पोचेल म्हणून कठडा खाली करणं, याला वीस मिनिटं लागतात. शेजारच्या दोन बेडचे पंप त्या वीस मिनिटांत वाजत असतात. तिथे कमी असलेली गोष्ट करुणा नाही, माणसं आहेत, आणि हे अधिसेविकांच्या मीटिंगमध्ये याच शब्दांत सांगायला हवं.

या अंकाच्या मधल्या पानावर ओव्हरच्या कागदाचा एक नमुना दिला आहे. नेहमीच्या रकान्यांच्या वर एक जादा ओळ आहे : घरी काय म्हणतात, भाषा, कान, डोळे, कशाची भीती. भरणारी व्यक्ती नर्सच असावी, असं नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त माहिती मावशींना असायची, कारण नातेवाईक बाहेर बाकावर बसून त्यांच्याशीच बोलायचे.

सात नंबरचं राहिलंच. चंपाबाईंची ट्रॅकिओस्टॉमी झाली, हळूहळू व्हेंटिलेटर सुटला, आणि आम्ही त्यांना जनरल वॉर्डात पाठवलं. ट्रान्सफर नोट मीच लिहिली, दोन पानी, अँटिबायोटिकच्या प्रत्येक डोससकट. आठवड्याने सहज डोकावले तर तिथली सिस्टर म्हणाली, “आजी कुणाला ओच देत नाहीत, हाक मारली तरी भिंतीकडे तोंड.” मी उशालगतचा केसपेपर उचलून पाहिला. त्यावर सुलोचना लिहिलं होतं. माझी नोटही चाळली, तिच्यात दुसरं नाव कुठेच नव्हतं.