पडीक कुणाला म्हणता?

मे महिन्यात मी एका सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलो होतो. वाघोलीच्या अंगाला एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिच्यात रात्री-अपरात्री डंपर येऊन राडारोडा ओततात, ते थांबवा, एवढंच अर्जात होतं. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "अहो काका, पडीक खड्डा आहे तो. भरला तर बरंच की. तुमचं त्यात काय जातंय?"

माझं काय जातंय ते मला तिथं नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं सांगतो.

आमचं मूळ गाव पुरंदर तालुक्यात. 1972 च्या दुष्काळात आण्णा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी खाऊन दिवस काढले. पाऊस पुढच्या वर्षी आला, पण हाताला लागलेली सुतकी काही सुटली नाही. जिरायत रान सहा जणांना पुरेना, तेव्हा घर उठवून आम्ही वाघोलीच्या खाणीवर आलो. डबरावर डबर रचून केलेल्या भिंती, वर पत्रा, पत्र्यावर दगड. दुपारी शिट्टी वाजली की आयाबाया पोरांना काखोटीला मारून लांब पळायच्या. मग सुरुंग उडायचा आणि भांडी थरथरायची. मजुरी ब्रासवर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. पुण्यातल्या किती इमारतींच्या पायात आण्णांचे ब्रास गेले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

क्रशरची धूळ भाकरीवर बसायची, केसांवर बसायची, छातीत बसायची. आण्णांना आधी टीबी म्हणाले, औषधं दिली. पुढं कळलं की फुफ्फुसात दगड साठलाय. शेवटची दोन वर्षं ते बसूनच झोपायचे. तेव्हा खाणीचं कौतुक मला कुणी सांगू नका. तिनं आमचं पोट भरलं आणि तिनंच आण्णांना नेलं, दोन्ही खरं आहे.

खोलात पाणी लागलं आणि ती खाण बंद झाली. मी तोवर शहरात नोकरीला लागलो होतो. बऱ्याच वर्षांनी आईनं हट्ट धरला, "मला एकदा खाणीवर ने." गेलो. आणि दोघंही काठावर गप्प उभे राहिलो.

आमच्या डोळ्यांपुढं ती जागा म्हणजे धूळ आणि घरघर. तिथं आता हिरवंगार पाणी होतं. आण्णांनी पहारीनं सरळ केलेल्या भिंतीच्या फटीत उंबर रुजला होता. मुरमाच्या ढिगात वेड्या राघूंनी भोकं पाडून घरं केली होती. पाण्यात टिबुकली बुडी मारत होती, काठावर खंड्या. कडेनं तरवड, रुई, बोरी. हे कुणी लावलं नव्हतं. आधी दगडाला शेवाळ धरलं असेल, मग फटीत माती साठली असेल, मातीत गवत आलं, गवतावर टोळ आले, टोळांमागं पाखरं, आणि पाखरांनी बोरं खाऊन बिया टाकल्या. ना निविदा, ना उद्घाटन.

आईनं समोरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. "आरं, त्यो बघ. आपल्या गावच्या कड्यावरचा!" सुरुंगानं तयार झालेल्या कपारीत शृंगी घुबड बसलं होतं. डोक्यावर दोन तुरे, नारिंगी डोळे. हे घुबड घरटं विणत नाही. कड्याच्या कपारीत उघड्या जमिनीवरच अंडी घालतं. त्याला कडा लागतो आणि समोर माळ लागतो. मग तो कडा देवानं केलाय की सुरुंगानं, याच्याशी त्याला घेणं नाही. त्याचं मुख्य खाणं उंदीर-घुशी, म्हणजे शेतकऱ्याच्या कणगीचा तो फुकटचा राखणदार. तरी आमच्या गावात त्याला अपशकुनी म्हणून धोंडे मारायचे. आता आमच्याच तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशननं उलूक उत्सव सुरू केला. शाळेची पोरं घुबडाची चित्रं काढायला लागली. गावाला जे उमगलं, ते कचेरीला अजून उमगायचंय.

कारण कचेरीचा धोंडा निराळा असतो. त्याचं नाव ‘पडीक’.

सातबारा उघडून बघा. जिथं नांगर चालत नाही ती जमीन ‘पोटखराबा’. तिला आकार नाही, म्हणून तिला किंमत नाही. इंग्रजांना शेतसारा हवा होता, त्यांनी सारा न देणाऱ्या जमिनीला नाव ठेवलं हे समजू शकतं. पण साहेब गेले आणि नाव राहिलं. आजही केंद्र सरकार ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’ काढतं आणि लांडगा, खोकड, चिंकारा ज्यावर जगतात ते झुडपी माळ त्यात ओसाड म्हणून रंगवतं. खडी-मुरमाला कायद्यात ‘गौण खनिज’ म्हणतात. दगड गौण, जमीन पडीक, आणि फोडणारा तर कागदावरच नाही. एकदा असं नाव दिलं की पुढचं सगळं सोपं होतं. पडीक जागेत कचरा टाकता येतो, रस्ता नेता येतो, बोगदा पाडता येतो.

हे फक्त वाघोलीच्या वेशीवरचं रडगाणं नाही. शहराच्या मधोमध वेताळ टेकडी आहे. तिच्यावरही एक जुनी दगडखाण आहे. फिरायला येणारे तिला नुसतं ‘खाण’ म्हणतात. तिच्यातही पाणी आहे, भोवती मोर ओरडतात, कड्यालगत पाकोळ्या घिरट्या घालतात. या टेकडीतून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता आणि पोटातून बोगदे न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोर्चा काढून रस्त्यावर उतरले. मीही गेलो होतो. गर्दीत एक चांगल्या घरच्या बाई म्हणाल्या, "ही टेकडी म्हणजे आमची फुफ्फुसं." बरोबर आहे. मला मात्र आण्णांची फुफ्फुसं आठवली. टेकडी वाचवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे : नगर रस्त्यावरच्या खाणींसाठीही कधीतरी मोर्चा काढा. तिथलं घुबड घुबडच आहे, आणि तिथल्या वस्तीतल्या पोरालाही छातीच आहे.

‘खड्डा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला एकदा जाऊन यावं. तोही याच काळ्या कातळात खोदलाय, आठव्या शतकात. तिथंही दगड काढला आणि पोकळी उरली. तिथं आपण चपला काढून आत जातो.

आता समोरच्याची बाजू. खाणीत पोरं बुडतात. खरं आहे, आमच्या वस्तीतलाही एक गेला, त्याच्या आईचा आक्रोश मी ऐकलाय. पण म्हणून राडारोडा ओतणं हा उपाय नव्हे. कुंपण घाला, पाटी लावा, पाण्यात उतरायच्या जागी पायऱ्या बांधा, राखणदार नेमा. आणि शहराला खडी लागतेच, हेही खरं. मी सिमेंटच्या घरात बसून खाणकाम बंद करा म्हणणार नाही. जी बंद झाली, जिनं आपली जखम आपणच भरून काढली, तिला पुन्हा मारू नका, एवढंच म्हणतो.

हे जमतं. गुरुग्रामला अरवलीतल्या जुन्या खाणींच्या जागेवर लोकांनी 2010 पासून मूळची झाडं लावली, तिथूनही रस्ता न्यायचं निघालं तेव्हा आडवे आले, आणि 2022 मध्ये देशातल्या पहिल्या ‘ओईसीएम’ क्षेत्राचा, म्हणजे अभयारण्य नसूनही जिथं निसर्ग राखला जातो अशा जागेचा, मान तिला मिळाला. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याखाली खडकाळ रानात वेड्या बाभळीनं ठाण मांडलं होतं. ती मुळासकट काढायला शेवटी खाणकामगारच बोलावले. घणाच्या आवाजावरून खडक कुठं पोकळ, कुठं भरीव, हे त्यांना कळायचं. तिथं आज राव जोधा उद्यान आहे. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. आण्णाही दगडावर टिचकी मारून सांगायचे, "ह्यो फुटंल, ह्यो न्हाई." आपल्या टेकड्यांवरही गिरिपुष्पाचं परकं रान माजलंय. ते हटवायला, काठ सुरक्षित करायला, राखण करायला खाणवस्तीतल्या माणसांइतके जाणते हात कुठं मिळणार?

पैसा नाही म्हणू नका. 2015 च्या कायदा-दुरुस्तीनं प्रत्येक खाणजिल्ह्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद केली. खाणीमुळं ज्यांचं नुकसान झालं ती माणसं आणि तो परिसर, यांच्यासाठीच तो निधी आहे. बंद खाणींची यादी करा, कुठं काय जगतंय ते नोंदवा, राडारोड्याच्या गाड्या अडवा, आणि राखणीचा पगार या निधीतून द्या.

कचेरीतून घरी आलो आणि अर्जाची प्रत काढून पुन्हा वाचली. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं : "सदर पडीक खाणीमध्ये..." साहेबांनी माझाच शब्द मला परत दिला होता. आईला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्या बापानं तिथं पंधरा वर्सं काढली. तिला पडीक म्हनतुस व्हय रं?"

नवा अर्ज लिहिलाय. पहिली ओळ अशी आहे : "सदर खाणीमध्ये शृंगी घुबडाचे वास्तव्य असून..." उद्या पुन्हा त्याच टेबलासमोर जाऊन उभा राहणार आहे.